ईटीईसी: सीएफए/१ चं जनुक सापडतंय, पण रक्तपेशी गोळा होत नाहीत. फिंब्रिया बनताना नेमकं अडतंय कुठे?

पेट्रीप्लेट
हगवण घडवणाऱ्या ई. कोलायचा (ईटीईसी) एक स्ट्रेन आहे. पीसीआरला (जनुक शोधायच्या चाचणीत) सीएफए-बी जनुकाचा पट्टा स्वच्छ मिळतो, म्हणजे सीएफए/१ फिंब्रियाचं (जिवाणूवरच्या चिकटणाऱ्या तंतूंचं) मुख्य प्रथिन बनवायची सोय आहे. एलबी ब्रॉथमध्ये (नेहमीच्या द्रव माध्यमात) ३७ अंशांवर, शेकर न लावता रात्रभर वाढवला. दुसऱ्या दिवशी स्लाइडवर तपासलं तर गिनीपिगच्या तांबड्या पेशी झकास गोळा होतात, पण १ टक्का डी-मॅनोज घातलं की काहीच नाही. माणसाच्या 'ए' गटाच्या पेशी मॅनोजसह अजिबात गोळा होत नाहीत.

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. जनुक असूनही फिंब्रिया का नसाव्यात? आणि जिवाणूच्या आत बनलेलं प्रथिन दोन पटलं ओलांडून बाहेर तंतू म्हणून उभं कसं राहतं? पुस्तकातली आकृती पाहिली आहे, पण कोणता भाग बिघडला की काय दिसतं हे त्यात नसतं.

ऑपेरॉनवाला
तुम्हाला जे दिसतंय ते टाइप १ फिंब्रियाचं काम आहे, सीएफए/१ चं नाही. गिनीपिगच्या पेशी आणि मॅनोजने थांबणारी क्रिया ही टाइप १ ची ओळखच आहे. तिच्या टोकावरचं फिम-एच प्रथिन मॅनोजला चिकटतं; बाहेरून मॅनोज ओतलं की त्याची जागा भरून जाते. न हलवलेला ब्रॉथ टाइप १ ला फार मानवतो. थोडक्यात, तुम्ही नको त्या फिंब्रियासाठी उत्तम परिस्थिती तयार केली आहे.

टाइप १ चा खटका डीएनएवरच असतो. ३१४ बेस-जोड्यांचा एक तुकडा उलटसुलट फिरतो आणि त्यात प्रमोटर (जनुकं सुरू करणारा भाग) असतो. तुकडा एका दिशेला असला की जनुकं चालू, दुसऱ्या दिशेला असला की बंद. फिम-बी हे एन्झाइम तो दोन्हीकडे फिरवतं, फिम-ई मुख्यतः बंद करतं. म्हणून एकाच नळीत काही पेशींवर फिंब्रिया असतात, काहींवर नसतात.

सीएफए/१ चं तंत्र निराळं. तिथे डीएनए फिरत नाही, एक नियामक प्रथिन लागतं: सीएफए-डी, किंवा सीएस१ आणि सीएस२ (ईटीईसीच्या इतर फिंब्रिया) च्या स्ट्रेनमध्ये त्याचा भाऊ आरएनएस. दोघेही एआरएसी घराण्यातले, आणि एकाच्या जागी दुसरा काम करू शकतो. या जनुकांभोवतीचा डीएनए ए-टी बेसांनी भरलेला असतो. एच-एनएस नावाचं प्रथिन त्यावर बसून ती जनुकं दाबून ठेवतं. ३७ अंशांना नियामक हजर असेल तर हा दाब उठतो. २० अंशांच्या आसपास वाढवलेल्या पेशींवर सीएफए/१ मिळत नाही, आणि हाच फरक पुढे तुम्हाला कंट्रोल म्हणून वापरता येईल.

तुमच्या पीसीआरने फक्त सीएफए-बी पाहिलं आहे. नियामकाचं जनुक आहे का, ते पाहिलेलं नाही. सीएस२ चं उदाहरण बोलकं आहे: तिची रचनात्मक जनुकं गुणसूत्रावर असतात आणि आरएनएस प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर). प्लाझ्मिड गळालं तरी रचनेच्या जनुकाचा पीसीआर पॉझिटिव्हच येतो, आणि फिंब्रिया मात्र शून्य.

आता माध्यम. एलबी सोडा, सीएफए अगार घ्या. १ लिटरला कॅसअमिनो आम्लं १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५ ग्रॅम, मँगनीज क्लोराइड ०.००५ ग्रॅम, अगार २० ग्रॅम, पीएच ७.४. मँगनीज इतकं कमी लागतं की ते वेगळं साठा-द्रावण करूनच घाला, थेट वजन करायला जाल तर चुकेल. प्लेट ३७ अंशांवर रात्रभर. लोह मुबलक असलं तर सीएफए/१ चं उत्पादन घटतं, म्हणून 'वाढ जोमदार व्हावी' असा विचार करून लोहाचे क्षार घालू नका. सीएस५, सीएस७, सीएस१७ अशा काही प्रकारांना पित्तक्षार लागतात (०.१५ टक्के), सीएफए/१ ला त्यांची गरज नाही.

प्लेटवरच वाढवा, ब्रॉथमध्ये नको. तेवढ्यानेच टाइप १ चा गोंगाट बराच उतरतो.

तंतूमय
दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण बिघाड कुठे ओळखायचा हे जुळणीचा क्रम समजल्याशिवाय कळत नाही.

सीएफए/१ च्या ऑपेरॉनमध्ये (एकत्र चालणाऱ्या जनुकांच्या गटात) चारच रचनात्मक जनुकं आहेत, या क्रमाने: सीएफए-ए (शॅपरोन), सीएफए-बी (तंतूचं मुख्य प्रथिन), सीएफए-सी (बाहेरच्या पटलातला अशर), सीएफए-ई (टोकावरचं चिकटणारं प्रथिन). सीएस१ मध्ये हीच कामं अनुक्रमे कू-बी, कू-ए, कू-सी आणि कू-डी करतात. टाइप १ ची रचना जास्त गुंतागुंतीची: टोकाला फिम-एच, त्याखाली फिम-जी आणि फिम-एफ, मग फिम-ए चा लांब दांडा. सीएफए/१ मध्ये टोकाला एक सीएफए-ई आणि त्याखाली हजाराहून जास्त सीएफए-बी, बस्स.

सगळी उपएककं (तंतूचे सुटे प्रथिन-घटक) आतल्या पटलातून सेक मार्गाने (प्रथिनं पटलापार नेणाऱ्या नेहमीच्या वाटेने), न घडी पडलेल्या अवस्थेत पेरिप्लाझममध्ये (दोन पटलांमधल्या जागेत) येतात आणि तिथे त्यांचा सिग्नल तुकडा कापला जातो. खरी अडचण इथून पुढे. प्रत्येक उपएककाची घडी इम्युनोग्लोब्युलिनसारखी असते, पण तिच्यातला एक बीटा-धागा मुळातच नसतो. त्या जागी पाणी टाळणारी एक उघडी खाच राहते. अशी उपएककं मोकळी सोडली तर ती भलतीकडेच एकमेकांना चिकटतात, किंवा डेग-पी हे प्रोटिएझ त्यांना फस्त करतं. शॅपरोन आपला स्वतःचा एक धागा त्या खाचेत बसवून उपएकक सांभाळून ठेवतो.

शॅपरोन-उपएकक जोडी मग अशरकडे जाते. अशर म्हणजे बाहेरच्या पटलातलं २४ धाग्यांचं पिंप. काम नसताना त्याचं तोंड एका बुचाने बंद असतं. टोकाचं प्रथिन येऊन बसलं की बूच बाजूला सरतं. पुढचं उपएकक आलं की त्याच्या सुरुवातीचा सैल शेपटा आधीच्या उपएककाच्या खाचेत शिरतो आणि तिथला शॅपरोनचा धागा एका टोकाकडून हळूहळू उकलत बाहेर ढकलतो. बॅगेची चेन एकीकडून लागत जावी आणि दुसरीकडून उघडत जावी, तसं. शॅपरोन सुटा होऊन परत कामाला लागतो, तंतू एका उपएककाने लांबतो, आणि बाहेर पडलेला भाग स्वतःच पिळून मळसूत्र होतो.

या सगळ्याला एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) लागत नाही. पेरिप्लाझममध्ये एटीपी नसतंच. शॅपरोनच्या हाती असताना उपएककाची घडी पूर्ण आवळलेली नसते, शेजाऱ्याचा शेपटा बसल्यावर ती आवळते. जुळणी पुढे रेटणारी ऊर्जा त्यातूनच येते. अशर नसेल तर ही अदलाबदल फार संथ चालते.

आता बिघाडाची लक्षणं:

शॅपरोन नसेल तर पेरिप्लाझममध्येही सीएफए-बी जवळजवळ सापडत नाही, कारण ते तोडलं जातं. जोडीला पटलावर ताण आल्याची सीपीएक्स यंत्रणा जागी होते आणि वाढ मंदावते. क्लोन केलेल्या ऑपेरॉनमधून फक्त सीएफए-बी भरमसाट बनवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो.

अशर नसेल तर उपएककं पेरिप्लाझममध्ये शॅपरोनसह साठलेली मिळतात आणि पृष्ठभाग मोकळा.

टोकाचं प्रथिन नसेल तर काय, याबद्दल बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. त्यांना वाटतं तंतू तयार होतील, फक्त चिकटणार नाहीत. पण या वर्गात टोकाचं प्रथिनच जुळणीची सुरुवात करून देतं. कू-डी काढून टाकलं की सीएस१ चे तंतूच पृष्ठभागावर येत नाहीत. चिकटपणा गेला आणि तंतू राहिले असं बघायचं असेल तर प्रथिन पूर्ण न काढता त्यातलं एक अमिनो आम्ल बदलावं लागतं. सीएफए-ई मधलं १८१ वं आर्जिनिन अलॅनिनमध्ये बदललं की तंतू नीट जुळतात, पण रक्तपेशी गोळा होत नाहीत. फिंब्रिया असणं आणि फिंब्रियाने चिकटणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, तुम्ही आतापर्यंत फक्त दुसरी केली आहे.

पेट्रीप्लेट
सीएफए अगारवर चार कॉलनी वेगवेगळ्या पसरवल्या. एका कॉलनीची वाढ 'ए' गटाच्या पेशी मॅनोजसह गोळा करते, उरलेल्या तीन नाहीत. मग त्या तिघींमध्ये तंतू नाहीत की तंतू आहेत पण चिकटत नाहीत, हे कसं ठरवायचं? आणि कॉलऱ्याच्या जिवाणूचा पायलस (फिंब्रियासारखाच तंतू) याच पद्धतीने बनतो का?

ग्रिड_आणि_डाग
चारांतली एकच पॉझिटिव्ह, म्हणजे पहिला संशय प्लाझ्मिडवर. सीएफए/१ ची जनुकं मोठ्या प्लाझ्मिडवर असतात आणि वारंवार उपसंवर्धन केलं की ते काही पेशींतून गळतं. चारही कॉलनींचा वेगवेगळा पीसीआर लावा: सीएफए-बी, सीएफए-ई आणि नियामक. तुमचा मूळ पीसीआर बहुधा मिश्र वाढीवर केलेला होता. दहातल्या दोन पेशींत प्लाझ्मिड असलं तरी पट्टा झळझळीत येतो.

तिन्ही जनुकं तिथेही पॉझिटिव्ह आली तर मग तंतूच शोधायचे. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे गरम करून काढणे. प्लेटवरची वाढ पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) हलक्या हाताने उतरवा, दाट दुधाळ निलंबन करा, ६० ते ६५ अंशांवर २० ते ३० मिनिटं ठेवा. मग पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवा (१२,००० जी, १५ मिनिटं) आणि वरचं पाणी १५ टक्क्यांच्या एसडीएस जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या) चालवा. सीएफए-बी चा पट्टा १५ किलोडाल्टनच्या आसपास ठळक दिसायला हवा. २० अंशांवर वाढवलेली तीच कॉलनी शेजारच्या लेनमध्ये ठेवा. तिथे तो पट्टा नसेल तर ओळख पक्की. सीएफए-ई चा पट्टा शोधत बसू नका. हजारांत एक असलेलं प्रथिन साध्या निळ्या रंगात दिसणार नाही, त्यासाठी अँटीबॉडी लागते.

इथे एक गंमत कामाला येते. टाइप १ चा दांडा इतका घट्ट असतो की नेहमीच्या एसडीएस बफरमध्ये उकळूनही तो सुटत नाही, जेलमध्ये शिरतच नाही. तो पाहायचा तर आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन ५ मिनिटं उकळावं लागतं, मग उदासीन करून जेलवर. म्हणजे आम्ल न वापरलेल्या लेनमध्ये टाइप १ ची लुडबूड होत नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हाताशी असेल तर कार्बन लावलेली ग्रिड थेंबावर उलटी तरंगवा, जादा द्रव टिपून घ्या आणि १ ते २ टक्के फॉस्फोटंगस्टिक आम्लाचा किंवा युरॅनिल अॅसिटेटचा डाग द्या. पण नुसतं चित्र बघून 'सीएफए/१ दिसली' असं लिहू नका. टाइप १ आणि सीएफए/१ दोन्ही साधारण ७ नॅनोमीटर जाडीच्या. डोळ्यांना फरक कळत नाही. सीएफए-बी विरुद्धची अँटीबॉडी आणि सोन्याचे कण लावा. २० नॅनोमीटर जाडीचे लांब नागमोडी दोर दिसले तर ते फ्लॅजेला, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

स्लाइड तपासणीतल्या चुकाही सांगून ठेवतो, कारण खोटे निगेटिव्ह इथेच जास्त येतात. व्हॉर्टेक्सवर जोरात फिरवलं की तंतू तुटून द्रवात जातात. पेशी हलक्या हाताने मिसळा. रक्तपेशी ताज्या, पीबीएसमध्ये तीनदा धुतलेल्या, ३ टक्के निलंबन. जिवाणूंचं निलंबन दाट हवं, मिलिलिटरला १०⁹ ते १०¹⁰. दोन्हींचे २०-२० मायक्रोलिटर, मॅनोज आधीच रक्तपेशींत मिसळलेलं, स्लाइड बर्फावर गार ठेवून २ मिनिटं हळू झुलवायची. 'ए' गटाच्या पेशी न्यूरामिनिडेझने (सायलिक आम्ल कापणाऱ्या एन्झाइमने) उपचारित केल्या तर सीएफए/१ ची पकड जाते, कारण तिथे सायलिक आम्लाचा संबंध आहे. संशय असेल तेव्हा हा कंट्रोल उपयोगी पडतो. जिवाणू रक्तपेशींशिवायच गोळे करत असतील तर निकाल वाचूच नका. केवळ पीबीएसमधल्या जिवाणूंचा थेंब प्रत्येक वेळी शेजारी हवा.

ऑपेरॉनवाला
कॉलऱ्याबद्दल: नाही, पद्धत वेगळी. व्हिब्रिओ कॉलरीचा टीसीपी (१९८७ साली वर्णन झालेला, विषाबरोबरच नियंत्रित होणारा पायलस) टाइप ४ आहे. इथे शॅपरोन-अशर नाही. टीसीपी-ए हे उपएकक आतल्या पटलातच रुतून बसतं. टीसीपी-जे नावाचं पेप्टिडेझ त्याचा पुढचा तुकडा कापतं, टीसीपी-टी हे एटीपी खर्चणारं प्रथिन पेशीच्या आतून जोर लावतं, आणि उपएककं पटलातून एकेक उपसली जाऊन तंतूत रचली जातात. बाहेरच्या पटलात टीसीपी-सी चं दार असतं. म्हणजे तंतू बुडापासून वाढतो आणि त्याला आतली ऊर्जा लागते.

टीसीपीचं मुख्य काम आतड्याच्या पेशीला थेट चिकटणं नाही. हे तंतू एकमेकांना चिकटतात, जिवाणूंचे पुंजके होतात आणि पुंजका आतड्यात टिकतो. १९८८ साली स्वयंसेवकांवरच्या अभ्यासात टीसीपी नसलेले जिवाणू आतड्यात बस्तान बसवू शकले नाहीत, इतकं त्याचं महत्त्व. हाच पायलस सीटीएक्स फाजची (जिवाणूत शिरणाऱ्या विषाणूची) शिरण्याची वाटही आहे. कॉलऱ्याच्या विषाचं जनुक त्या फाजवरच असतं.

नियंत्रणाची साखळी: टॉक्स-आर/टॉक्स-एस आणि टीसीपी-पी/टीसीपी-एच मिळून टॉक्स-टी चालू करतात, आणि टॉक्स-टी पायलस आणि विष दोन्ही चालू करतं. टॉक्स-टी हे पुन्हा एआरएसी घराण्यातलं. २०१० च्या स्फटिक-रचनेत त्याच्या पोटात पामिटोलेइक आम्ल, म्हणजे एक असंतृप्त मेदाम्ल, बसलेलं आढळलं, आणि अशी मेदाम्लं त्याला निष्क्रिय करतात. पित्तात ती असतात. आतड्याच्या पोकळीत टॉक्स-टी बंद आणि श्लेष्म्याखाली पेशींजवळ चालू, हे त्यातून समजतं. बायकार्बोनेट उलट त्याला जोर देतं.

माध्यमाची काळजी इथेही तितकीच. कॉलऱ्याच्या जिवाणूचा क्लासिकल बायोटाइप (उपप्रकार) एलबीमध्ये पीएच ६.५ ला, ३० अंशांवर टीसीपी देतो. एल टॉर हा दुसरा बायोटाइप या अटींवर देत नाही. त्याला एकेआय माध्यम लागतं: पेप्टोन १.५ टक्के, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.४ टक्के, मीठ ०.५ टक्के, सोडियम बायकार्बोनेट ०.३ टक्के. ३७ अंशांवर आधी ४ तास न हलवता, मग शेकरवर. बायकार्बोनेट ऑटोक्लेव्ह करू नका, गाळून शेवटी घाला. शरीर ३७ अंशांचं असताना क्लासिकलला प्रयोगशाळेत ३० लागावं हे विचित्र वाटतं, पण नळीतल्या अटी या आतड्याची नक्कल नसतात, फक्त खटका दाबतात.

तंतूमय
टाइप ४ आणि शॅपरोन-अशर तंतूंतला आणखी एक फरक कामाचा आहे. ईपीईसीचा (हगवण घडवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या ई. कोलायचा) गठ्ठ्यांचा पायलस (बीएफपी) आत ओढून घेता येतो. बीएफपी-डी लांबवतं, बीएफपी-एफ मागे खेचतं. बीएफपी-एफ नसलेले जिवाणू पायलस भरपूर बनवतात, पुंजके मोठे करतात, पण पुंजके विखुरत नाहीत, आणि १९९८ च्या स्वयंसेवक-अभ्यासात असे जिवाणू रोग घडवण्यात दुबळे ठरले. जास्त चिकटणं म्हणजे जास्त रोग, हे समीकरण तिथे मोडतं. ईपीईसीची पुढची पकड तर तंतूचीही नसते: जिवाणू टाइप ३ सुईतून टिर हे प्रथिन आतड्याच्या पेशीत टोचतो, ते तिच्या पटलात बसतं, आणि जिवाणूवरचं इंटिमिन त्याला पकडतं. स्वतःचा ग्राहक स्वतःच पुरवायचा प्रकार.

सीएफए/१ चा तंतू मागे खेचला जात नाही, पण ताणला जातो. आतड्यातला प्रवाह ओढायला लागला की मळसूत्र उलगडतं आणि ओढ कमी झाली की परत गुंडाळलं जातं. सीएफए/१ उलगडायला सुमारे ७.५ पिकोन्यूटन पुरतात, मूत्रमार्गातल्या ई. कोलायच्या पी फिंब्रियाला २८ च्या आसपास लागतात. जोरात व्हॉर्टेक्स केल्यावर मात्र हा स्प्रिंगचा गुण वाचवत नाही.

ग्रिड_आणि_डाग
वरच्या यादीत एक भर, पुढच्या वाचकांसाठी. स्ट्रेन सीएस६ चा असेल तर रक्तपेशींची तपासणी लावूच नका. सीएस६ ईटीईसीमध्ये खूप आढळतो, तोही शॅपरोन-अशर मार्गानेच बाहेर येतो (सीएसएस-सी आणि सीएसएस-डी), पण लांब तंतू दिसत नाही आणि तांबड्या पेशी गोळा होत नाहीत. त्याला अँटीबॉडीची डॉट ब्लॉट चाचणीच हवी. सीएस३ चे तंतू २ ते ३ नॅनोमीटरचे, बारीक. ग्रिडवर कमी डाग दिला तर नजरेतून सुटतात.

पेट्रीप्लेट, तुमची ती एक पॉझिटिव्ह कॉलनी आजच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला टाका, आणि इथून पुढे प्रत्येक प्रयोग त्या साठ्यातूनच सुरू करा. प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलात तर महिन्याभरात हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

पेट्रीप्लेट
चारही कॉलनींचा पीसीआर झाला. पॉझिटिव्ह कॉलनीत तिन्ही जनुकं आहेत, बाकी तिघींत एकही नाही. पॉझिटिव्हचा साठा केला आहे. गरम करून काढलेल्या द्रवात १५ च्या जागी पट्टा आहे, २० अंशांच्या लेनमध्ये नाही. न्यूरामिनिडेझचा कंट्रोल उद्या लावतो.